डेटाबेसमधून रेकॉर्ड आणणारं हेल्पर फंक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारं काम म्हणजे टेबलमधून रेकॉर्ड उचलायचं आणि पानावर दाखवायचं. ते प्रत्येक फाइलमध्ये नव्यानं लिहिण्यापेक्षा एकदाच हेल्पर फंक्शन करून ठेवलेलं बरं, हे कुणालाही पटतं. अडचण पुढे येते. हेल्पर घाईत लिहिला की त्यातली एक चूक सगळ्या अ‍ॅपभर पसरते, आणि ती कुठून आली हे शोधायला फार वेळ जातो. म्हणून हे प्रश्न थोडे सविस्तर घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः पीएचपी, पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) आणि मायएसक्यूएलची आहेत. इतर ठिकाणी वागणूक वेगळी असेल तर तसं सांगितलं आहे. कोडचे तुकडे केवळ सांगाडा म्हणून, वाचायला सोपे जावेत अशा नावांनी दिले आहेत.

हेल्परनं नेमकं काय करायचं?

पीडीओमध्ये एक रेकॉर्ड आणायचं तर क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) प्रिपेअर करायची म्हणजे तयार ठेवायची, व्हॅल्यू देऊन एक्झिक्यूट करायची म्हणजे चालवायची, फेच करायचं म्हणजे रेकॉर्ड उचलायचं आणि हाती काही लागलं का ते तपासायचं. हेल्पर एवढंच काम एका नावाखाली आणतो:

फंक्शन एक_रेकॉर्ड($डीबी, $क्वेरी, $व्हॅल्यूज) {
  $स्टेटमेंट = $डीबी->प्रिपेअर($क्वेरी);
  $स्टेटमेंट->एक्झिक्यूट($व्हॅल्यूज);
  $रेकॉर्ड = $स्टेटमेंट->फेच();
  रिटर्न $रेकॉर्ड === फॉल्स ? नल : $रेकॉर्ड;
}

यात कनेक्शन बाहेरून आलं आहे, हे बघा. हेल्परच्या आत ग्लोबल कनेक्शन ओढून घेतलं तर पुढे टेस्टसाठी वेगळा डेटाबेस जोडणं अवघड होतं.

एकच फंक्शन पुरेल की वेगवेगळी हवीत?

वेगवेगळी. एक रेकॉर्ड आणणारं, रेकॉर्ड्सची यादी आणणारं आणि एकच व्हॅल्यू आणणारं, अशी तीन फंक्शन्स जवळपास सगळं काम भागवतात. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपीडीबी या डेटाबेस क्लासमध्ये गेट_रो, गेट_रिझल्ट्स आणि गेट_व्हार अशी हीच विभागणी दिसते. एका कॉलमसाठी गेट_कॉल आहे.

याच्या उलट अनेक प्रोजेक्टमध्ये एकच ‘गेट_डेटा’ असतं. त्याला टेबलचं नाव, अट, क्रम, लिमिट असे सातआठ पॅरामीटर द्यायचे, आणि ते कधी अ‍ॅरे देतं, कधी अ‍ॅरेचा अ‍ॅरे, कधी फॉल्स. वापरणाऱ्याला दर वेळी आत डोकावून बघावं लागतं. माझं मत यात ठाम आहे: फंक्शनचं नाव वाचून काय परत येणार हे कळलं पाहिजे, आणि त्यानं दर वेळी तेच परत दिलं पाहिजे. बाकीच्या सोयी यानंतर.

रेकॉर्ड सापडलंच नाही तर काय परत द्यावं?

यावर सर्वांत जास्त विचार करा, कारण पानावर येणाऱ्या बहुतेक एरर इथूनच निघतात.

पीडीओचं स्वतःचं वागणं आधी लक्षात घ्या. रेकॉर्ड नसेल तर फेच ‘फॉल्स’ देतं, फेचऑल रिकामा अ‍ॅरे देतं आणि फेचकॉलमही ‘फॉल्स’ देतं. शेवटचं सर्वांत फसवं आहे. कॉलममधली व्हॅल्यूच खरोखर बुलियन फॉल्स असेल, तर रेकॉर्ड नाही की व्हॅल्यू फॉल्स आहे, हे वेगळं ओळखता येत नाही. शिवाय हेल्परमध्ये तुलना करताना तीन बरोबरची चिन्हं वापरा. नुसतं ‘इफ (!$व्हॅल्यू)’ लिहिलं की शिल्लक 0 असलेला ग्राहक ‘सापडला नाही’ या गटात जातो.

मोठ्या फ्रेमवर्कनी हा प्रश्न दोन वेगळी नावं देऊन सोडवला आहे. लाराव्हेलमध्ये फाइंड ‘नल’ (काहीच नाही) देतं, तर फाइंडऑरफेल एक्सेप्शन फेकतं, म्हणजे एरर उठवून पुढचा कोड थांबवतं. रेल्समध्ये फाइंड एक्सेप्शन फेकतं आणि फाइंड_बाय ‘निल’ देतं. जँगोचं गेट ‘डझनॉटएक्झिस्ट’ एक्सेप्शन उठवतं, आणि व्ह्यूमध्ये वापरायला गेट_ऑब्जेक्ट_ऑर_404 तयार आहे. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरमधल्या गेट_रेकॉर्डला शेवटच्या पॅरामीटरमध्ये मस्ट_एक्झिस्ट दिलं की रेकॉर्ड असलंच पाहिजे असा अर्थ होतो.

तुम्हीही दोन फंक्शन्स ठेवा: ‘शोधा’ आणि ‘आणाच’. लॉगिन करताना ईमेल सापडला नाही, ही रोजची गोष्ट आहे. तिथे ‘शोधा’ वापरायचं आणि ‘नल’ आल्यास नीट संदेश दाखवायचा. ऑर्डरच्या पानावर मात्र यूआरएलमधल्या आयडीचं रेकॉर्ड नसेल तर पुढचा कोड चालण्यात अर्थच नाही. तिथे ‘आणाच’ वापरा, एक्सेप्शन एका ठिकाणी पकडा आणि 404 (‘सापडलं नाही’) द्या.

यादी देणाऱ्या फंक्शनला हा फरक लागत नाही. काही नसेल तर रिकामा अ‍ॅरे, नेहमीच. मग फॉरइच लूप कुठलीही अट न घालता चालतं.

आणि एकाऐवजी दोन सापडली तर?

बरेच जण क्वेरीच्या शेवटी ‘लिमिट 1’ लावून मोकळे होतात. ईमेलवरून वापरकर्ता शोधताना दोन रेकॉर्ड्स निघत असतील तर डेटा बिघडलेला आहे, आणि ‘लिमिट 1’ तो बिघाड झाकतो. जँगो अशा वेळी ‘मल्टिपलऑब्जेक्ट्सरिटर्न्ड’ उठवतं. स्वतःच्या हेल्परमध्ये ‘लिमिट 2’ लावून दुसरं रेकॉर्ड येतं का ते बघता येतं. खरा उपाय मात्र टेबलमध्येच: त्या कॉलमवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच व्हॅल्यू दुसऱ्यांदा येऊ न देणारा.

व्हॅल्यू क्वेरीतच जोडली तर काय बिघडतं? माझं अ‍ॅप फक्त ऑफिसमध्येच वापरतात.

बिघडतं, आणि ऑफिसमध्येही बिघडतं. समजा क्वेरी अशी जोडली:

"सिलेक्ट नाव फ्रॉम ग्राहक व्हेअर आयडी = " . $आयडी

आता आयडीच्या जागी कुणी ‘5 ऑर 1=1’ पाठवलं की अट प्रत्येक रेकॉर्डला लागू होते आणि सगळं टेबल बाहेर येतं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. 1998 साली फ्रॅक या हॅकर्सच्या ऑनलाइन नियतकालिकात या हल्ल्याचं वर्णन आलं होतं. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या टॉप टेन यादीत 2010, 2013 आणि 2017 साली इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होतं, 2021 साली तिसऱ्या. एवढी जुनी आणि एवढी सोपी टाळता येणारी चूक आजही होते, याचं वाईट वाटतं.

हल्लेखोर नसला तरी त्रास आहेच. एखाद्या नावात अपॉस्ट्रॉफी आली की जोडलेली क्वेरी मधेच तुटते आणि त्या एका माणसाचंच पान उघडत नाही.

उपाय म्हणजे प्लेसहोल्डर. क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि व्हॅल्यू वेगळी पाठवायची. मग ती व्हॅल्यू क्वेरीचा भाग म्हणून वाचलीच जात नाही. हेल्परची खरी किंमत इथे आहे: क्वेरी आणि व्हॅल्यू असे दोन वेगळे पॅरामीटर मागितले की सुरक्षित रस्ता हाच सर्वांत सोपा रस्ता होतो. पायथनमध्ये सायकोपीजी (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरत असाल तर प्लेसहोल्डर ‘%एस’ असा असतो. तिथे एकाच व्हॅल्यूचा टपल (कंसातली यादी) देताना शेवटचा स्वल्पविराम विसरू नका, नाहीतर तो टपल राहतच नाही.

टेबलचं किंवा कॉलमचं नाव प्लेसहोल्डरनं का देता येत नाही?

कारण प्लेसहोल्डर फक्त व्हॅल्यूसाठी असतो. ‘ऑर्डर बाय ?’ लिहून कॉलमचं नाव पाठवलं तर डेटाबेस ते साधी स्ट्रिंग समजतो. एररही येत नाही आणि क्रमही लागत नाही. वापरकर्त्याला क्रम निवडू द्यायचा असेल तर परवानगी असलेल्या नावांचा अ‍ॅरे कोडमध्ये ठेवा, आलेलं नाव त्यात आहे का बघा, नसेल तर ठरलेला क्रम लावा. वर्डप्रेसमध्ये 6.2 आवृत्तीपासून प्रिपेअरमध्ये अशा नावांसाठी ‘%आय’ मिळतो. तरी परवानगीची यादी हवीच, कारण कुठला कॉलम उघडा करायचा हे शेवटी तुम्हीच ठरवायचं असतं.

बरेच आयडी एकदम द्यायचे आहेत. ‘इन’ (यादीतली कुठलीही व्हॅल्यू चालेल अशी अट) मध्ये अ‍ॅरे का चालत नाही?

एका प्रश्नचिन्हात एकच व्हॅल्यू बसते. पाच आयडी असतील तर पाच प्रश्नचिन्हं तयार करावी लागतात. हे काम हेल्परकडेच द्या: अ‍ॅरेची लांबी मोजायची, तेवढी प्रश्नचिन्हं स्वल्पविरामानं जोडायची.

रिकाम्या अ‍ॅरेची काळजी आधीच घ्या. ‘इन ()’ ही मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये सिंटॅक्स एरर आहे. यादी रिकामी असेल तर डेटाबेसकडे जाऊच नका, रिकामा अ‍ॅरे परत द्या. आणि यादी फार लांब असेल तर तुकडे करा: एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका क्वेरीला 2100 पॅरामीटरची मर्यादा आहे, एसक्यूलाइटमध्ये 3.32 आवृत्तीच्या आधी ती 999 होती.

‘लिमिट ?’ दिलं की सिंटॅक्स एरर येते. व्हॅल्यू तर बरोबर आहे.

पीडीओ मायएसक्यूएलसोबत मुळात प्रिपेअरची नक्कल करतं, म्हणजे व्हॅल्यू पीएचपीच्या बाजूलाच क्वेरीत भरून पाठवतं. एक्झिक्यूटला अ‍ॅरे दिला की प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग समजली जाते, त्यामुळे ‘लिमिट '10'’ अशी क्वेरी जाते आणि मायएसक्यूएल ती नाकारतं. बाइंडव्हॅल्यूमध्ये प्रकार इंट असा सांगा, किंवा कनेक्शन उघडताना ‘एम्युलेट प्रिपेअर्स’ बंद करा. मी दुसरा मार्ग निवडतो.

रेकॉर्डमध्ये प्रत्येक कॉलम दोनदा का दिसतो?

पीडीओचा मूळ फेच प्रकार ‘फेच_बोथ’ आहे, म्हणून एकदा नावानं आणि एकदा क्रमांकानं. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘फेच_असॉक’ करा.

आकडे स्ट्रिंग होऊन येतात, ते?

पीएचपी 8.1 पासून मायएसक्यूएलचे इंट आणि फ्लोट योग्य प्रकारात येतात. त्याआधी प्रिपेअरची नक्कल चालू असली की स्ट्रिंग मिळायची. डेसिमल कॉलम मात्र आजही स्ट्रिंग येतो आणि ते चांगलंच आहे. पैशाची रक्कम फ्लोटमध्ये बदलू नका; बेरजेत शेवटच्या अंकांचा घोळ होतो.

हेल्परला व्हॅल्यू म्हणून नल दिलं तर काहीच मिळत नाही, पण टेबलमध्ये तर नल आहेत.

एसक्यूएलमध्ये नल कशाच्याही बरोबर नसतं, दुसऱ्या नलच्याही नाही. ‘कॉलम = नल’ ही अट खरी होत नाही, खोटीही होत नाही, ती ‘माहीत नाही’ अशी राहते आणि रेकॉर्ड वगळलं जातं. अटींचा अ‍ॅरे घेऊन क्वेरी तयार करणारा हेल्पर असेल तर त्यात नलसाठी ‘इज नल’ लावायची वेगळी सोय करा. थेट क्वेरी लिहीत असाल तर मायएसक्यूएलमध्ये ‘<=>’ हे चिन्ह आणि पोस्टग्रेसमध्ये ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ हे दोन्ही प्रकार सांभाळतं.

‘नॉट इन’ सोबत तर फार जपा. आतल्या सबक्वेरीत एक जरी नल आलं तरी बाहेर एकही रेकॉर्ड येत नाही.

क्वेरी थेट चालवली की 12 रेकॉर्ड्स, हेल्परमधून 7. बाकीची कुठे जातात?

हेल्पर बहुधा एखाद्या कॉलमला अ‍ॅरेची की (ओळखीचं नाव) बनवतो आहे, आणि एका कीवर एकच रेकॉर्ड राहतं. मूडलचं गेट_रेकॉर्ड्स पहिल्या कॉलमला की करतं. वर्डप्रेसमध्ये ऑब्जेक्ट_के मागितलं की तसंच होतं. आयडी पहिला असेल तर सोयीचं आहे. पण जॉइन लावून (दोन टेबलं जोडून) पहिला कॉलम ग्राहकाचा आयडी ठेवला आणि एका ग्राहकाच्या तीन ऑर्डर असल्या, तर तीनही रेकॉर्ड्स एकाच कीवर येतात आणि एकच उरतं. मूडल डीबगिंग चालू असताना याची सूचना देतं. हातानं लिहिलेला हेल्पर गप्प राहतो. पहिल्या जागी ऑर्डरचा आयडी घ्या. स्वतःचा हेल्पर असेल तर कीची सोय वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि तीच की दुसऱ्यांदा आली तर तिथे एक्सेप्शन फेका.

हेल्पर वापरायला लागल्यापासून पान हळू झालं. असं का?

हेल्पर वापरायला सोपा असतो, म्हणून तो लूपच्या आतही सहज लिहिला जातो. 50 लेखांची यादी आणली, आणि लूपमध्ये प्रत्येक लेखाच्या लेखकासाठी एक_रेकॉर्ड बोलावलं: एकूण 51 क्वेरी. प्रत्येक क्वेरी एकटी बघितली तर झटपट असते, त्यामुळे हळू क्वेरींच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही. याला एन अधिक एकची अडचण म्हणतात.

लेखकांचे आयडी आधी गोळा करा, दुहेरी आलेले काढा, ‘इन’ लावून एका क्वेरीत सगळे लेखक आणा, आयडीला की करून अ‍ॅरेत ठेवा, आणि लूपमध्ये त्या अ‍ॅरेतून उचला. 51 च्या जागी 2 क्वेरी होतात. लाराव्हेलचं विथ, रेल्सचं इन्क्लूड्स आणि जँगोचं प्रीफेच_रिलेटेड आतून साधारण हेच करतात. शोधायला सोपं जावं म्हणून विकासाच्या सर्व्हरवर हेल्परमध्येच मोजणी ठेवा आणि पानाच्या तळाशी किती क्वेरी झाल्या ते छापा. हा आकडा रोज डोळ्यांसमोर असला की सवय आपोआप बदलते.

इंडेक्स आहे, तरी क्वेरी सगळं टेबल वाचते.

कॉलमवर फंक्शन लावलंय का बघा. ‘इयर(तारीख) = 2024’ लिहिलं की तारखेचा साधा इंडेक्स कामाला येत नाही; ‘1 जानेवारी 2024 पासून, 1 जानेवारी 2025 च्या आधी’ अशी अट लावा. दुसरं कारण म्हणजे प्रकार न जुळणं: फोन नंबरचा कॉलम स्ट्रिंग आहे आणि तुलना आकड्याशी होते आहे, तर मायएसक्यूएल इंडेक्स वापरत नाही. क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहून काय चाललंय ते बघता येतं.

मोठी यादी काढताना मेमरी संपते.

फेचऑल सगळी रेकॉर्ड्स अ‍ॅरेत भरतं, आणि पीएचपीची मेमरी मर्यादा मुळात 128 एमबी असते. लाखभर रेकॉर्ड्सची फाइल बनवायची असेल तर यील्ड वापरून एकेक रेकॉर्ड देणारा चौथा हेल्पर लिहा. पण तेवढ्यानं भागत नाही: पीडीओ मायएसक्यूएलचा पूर्ण निकाल आधीच आपल्याकडे ओढून ठेवतं. ‘यूज बफर्ड क्वेरी’ बंद करावं लागतं, आणि मग ते वाचन संपेपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही.

पानांची विभागणी करत असाल तर मागच्या पानांवर ‘ऑफसेट’ जड होतो. ऑफसेट 100000 म्हटलं की डेटाबेस तेवढी रेकॉर्ड्स वाचून टाकून देतो. आधीच्या पानावरचा शेवटचा आयडी लक्षात ठेवून ‘आयडी < ?’ अशी अट लावा.

देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

कनेक्शनचा कॅरेक्टर सेट सांगितलेला नाही. डीएसएनमध्ये (कनेक्शनची माहिती देणाऱ्या ओळीत) ‘कॅरसेट=यूटीएफ8एमबी4’ लिहा. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ8’ एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. देवनागरी अक्षर तीन बाइटमध्ये बसतं, पण इमोजीला चार लागतात आणि तिथे ते अडतं. टेबलमध्येच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मूळ मजकूर गेलेला असतो. बॅकअपमधूनच परत आणावा लागतो.

यूआरएलमधला आयडी बदलला की दुसऱ्याचं रेकॉर्ड दिसतं. प्लेसहोल्डर तर वापरला आहे.

प्लेसहोल्डर इंजेक्शन थांबवतो. हे रेकॉर्ड बघायचा हक्क या माणसाला आहे का, हे तो विचारत नाही. ओवास्पच्या 2021 च्या यादीत मोडलेलं प्रवेश नियंत्रण पहिल्या क्रमांकावर आहे, आणि त्यातला हा अगदी नेहमीचा प्रकार.

अट क्वेरीतच घाला: ‘व्हेअर आयडी = ? अँड मालक_आयडी = ?’. दुसरी व्हॅल्यू सेशनमधून (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरनं ठेवलेली नोंद) घ्यायची, फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून कधीच नाही. आधी रेकॉर्ड आणून मग इफनं तपासायचं, असंही करता येतं, पण दहा पानांपैकी एका पानावर ती इफ राहून जाते. म्हणून खासगी टेबलांसाठी ‘माझी_ऑर्डर($डीबी, $मी, $आयडी)’ असं वेगळं फंक्शन करा, ज्याला वापरकर्ता दिल्याशिवाय बोलावताच येणार नाही. रेकॉर्ड दुसऱ्याचं असेल तर 404 द्या. 403 (‘परवानगी नाही’) दिलं तर त्या आयडीचं रेकॉर्ड अस्तित्वात आहे एवढं तरी कळतंच.

ओआरएम (टेबलमधली रेकॉर्ड्स ऑब्जेक्ट म्हणून देणारी लायब्ररी) असेल तर हे सगळं लागतं का?

फंक्शन लिहावं लागत नाही, पण प्रश्न तेच राहतात. ‘नल’ की एक्सेप्शन, लूपमधली क्वेरी, मालकाची अट, हे ओआरएम तुमच्या वतीनं ठरवत नाही.

जुन्या प्रोजेक्टमधला हेल्पर मायएसक्यूएल_क्वेरी वापरतो. कुठून सुरुवात करू?

हे फंक्शन ज्या जुन्या मायएसक्यूएल एक्स्टेन्शनमधलं आहे, ते पीएचपी 5.5 मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि 2015 च्या शेवटी आलेल्या पीएचपी 7.0 मधून काढून टाकलं, त्यामुळे सर्व्हर अद्ययावत केला की तो हेल्पर चालणारच नाही. जुन्याला हात न लावता शेजारी पीडीओवर नवीन फंक्शन्स लिहा. एरर मोड एक्सेप्शन ठेवा, पीएचपी 8.0 पासून तो आपोआप तसा असतो, आधीच्या आवृत्तीत सांगावा लागतो. मग एकेक पान नव्या फंक्शनवर आणा. सुरुवात लॉगिन, शोध आणि यूआरएलमधून आयडी घेणाऱ्या पानांपासून करा, कारण बाहेरची व्हॅल्यू तिथूनच आत येते. जुन्या फंक्शनचं नाव सगळ्या कोडमध्ये शोधून एकही जागा सापडली नाही, की ते काढून टाका.